वजन उतरवायची गोळी आणि डोपिंग टेस्ट : फेडरेशन वाचवतं का?

पाचोरेकर
राम राम मंडळी. लहान भाऊ १९ वर्षांचा, कुस्ती खेळतो, पुढच्या महिन्यात नॅशनलला जायचंय आणि वजन दीड किलो जास्त भरून राहिलं. तालमीतला एक जण म्हणे लघवीची गोळी घे, दोन दिवसांत उतरतं, सगळेच घेतात. मला तर धडकी भरली. ही टेस्ट फेडरेशनवाले घेतात का सरकार? आणि सापडला तर फेडरेशन सांभाळून घेईल का? वडील कपाशीत गुंतलेले, घरात दुसऱ्या कोणाला यातलं कळत नाही.

मेडिकलवाला अमळनेर
भाऊ, ती गोळी पहिले फेक. फ्युरोसेमाइड असेल, माझ्याकडे बीपीचे, हार्टचे पेशंट नेतात. लघवी पातळ झाली की दुसरं औषध लपतं, म्हणून वाडाच्या (म्हणजे जगभरच्या डोपिंगविरोधी संस्थेच्या) यादीत तिला बाराही महिने बंदी आहे, स्पर्धा असो नाहीतर नसो. आणि पोराच्या अंगातलं पाणी जातं ते वेगळंच.

धुळ्याचा जुना पैलवान
टेस्ट नाडा, म्हणजे आपल्या देशाची डोपिंगविरोधी संस्था घेते, फेडरेशन नाही. नियम आणि यादी वाडाची, ती १९९९ साली निघाली, ऑफिस मॉन्ट्रियलला. लघवी तपासते ती लॅब वेगळी, आणि सुनावणीचं पॅनल त्याहून वेगळं. फेडरेशनचं काम खेळाडू निवडायचं, स्पर्धा घ्यायचं. पैलवान नरसिंग यादव आठवतो ना? २०१६ ला तो टेस्टमध्ये सापडला, फेडरेशन त्याच्या पाठीशी होतं, नाडाच्या पॅनलनं पण सोडला होता, तरी वाडा खेळाच्या आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेली आणि रिओ ऑलिंपिकमध्ये त्याच्या कुस्तीच्या तोंडावर ४ वर्षांची बंदी लागली. खाण्यात कोणी कालवलं म्हणून तो सांगत होता, लवादाला पटलं नाही. माझ्या जोडीचा एक पोरगा असाच दुसऱ्याच्या सांगण्यावरून पावडर खाऊन बसला, पावडर देणारा आजही मोकळा फिरतो आणि पोरगं घरी. अंगात सापडलं की जबाबदारी खेळणाऱ्याची, दिलं कोणी ते नंतर.

पाचोरेकर
बाप रे. आणि सर्दीची गोळी, कफ सिरप?

नंदुरबारची धावपटू
दादा, नाडाचं 'नो युवर मेडिसिन' ॲप आहे, त्यात औषधाचं नाव टाकून बघायचं. आजारासाठी बंदीतलं औषध लागतच असेल तर आधी टीयूईचा, म्हणजे ते औषध घ्यायच्या खास परवानगीचा अर्ज करायचा, डॉक्टरची चिठ्ठी नुसती चालत नाही. टेस्टच्या वेळी फॉर्मवर मागच्या ७ दिवसांतली औषधं, पावडरी सगळं लिहायला लावा, आणि बाटली त्यानं स्वतः निवडून स्वतःच सील करायची. त्याच लघवीचे ए आणि बी असे दोन भाग होतात, ए मध्ये काही निघालं तर बी तपासून मागता येतो.

पाचोरेकर
गोळी गटारीत टाकली आत्ताच. उद्या कोचला भेटून वरच्या वजनगटाचं विचारतो.