ग्रंथालयाच्या प्रोग्रामला नाव काय देऊ: 'देवघेव' की 'कसर'?

कपाट_क्रमांक_सात

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण त्यावरून आमच्याकडे आठवडाभर भांडण चालू आहे.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात 'क' वर्गाचं सार्वजनिक ग्रंथालय आहे. तिथल्या ग्रंथपाल बाईंसाठी मी फावल्या वेळात एक डेस्कटॉप प्रोग्राम लिहिलाय. दाखल नोंदवही, सभासदांची अनामत आणि वर्गणी, आणि मुख्य म्हणजे कुठलं पुस्तक कोणाकडे गेलं, कधी परत आलं. पायथनमध्ये आहे, इंटरनेट लागत नाही, जुन्या मशीनवरही बरा पळतो. दिवाळी अंक वेगळ्या रंगात दिसतात, याचा मला उगाचच अभिमान आहे. सगळं झालं, नाव तेवढं राहिलं. फोल्डरचं नाव अजून 'नवीन खरंच शेवटचं ३' असं आहे.

बाई म्हणतात, 'देवघेव' ठेव. ग्रंथालयात त्या कामाला देवघेवच म्हणतात, टेबलावर तशी पाटी आहे, नवीन मदतनीस मुलगी आली तरी तिला वेगळं काही सांगावं लागणार नाही. माझा भाचा म्हणतो, 'कसर'. पुस्तकांच्या पानांतून सुळकन पळणारा तो चंदेरी किडा. त्याने आयकॉनही काढून ठेवलाय, आणि खरं सांगतो, झकास आहे. बाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "शाळेत आणि इथे मिळून तीस वर्षं डांबराच्या गोळ्या ठेवून जिला बाहेर काढलं, तिला तू पडद्यावर आणून बसवणार?"

मी आधी पूर्ण बाईंच्या बाजूचा होतो. त्या मशीनवर लिनक्स ही मुक्त प्रणाली आहे, आणि तिच्यावर पूर्वी केडीई नावाचा डेस्कटॉप होता. मेनू उघडला की प्रोग्रामांची नावं केट, डॉल्फिन, ओक्युलर, ग्वेनव्ह्यू. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ही केट कोण?" म्हणून मग सरळ नावांचा डेस्कटॉप टाकून दिला. फाइल्स, टेक्स्ट एडिटर, व्हिडिओज. बाई खूश.

मग जुलैत एका दुपारी त्यांचा फोन आला. "अरे, फाइल्स उघडत नाही."

"कुठल्या फाइल्स?"

"कुठल्या म्हणजे? फाइल्स!"

"पीडीएफ की वर्डच्या?"

"नाही रे बाबा, नुसती फाइल्स."

पाऊण तास मी त्यांना पेनड्राइव्ह काढायला लावतोय, परत घालायला लावतोय, फाइलच्या नावाचं शेपूट वाचून दाखवायला सांगतोय. शेवटी रेनकोट चढवला आणि स्कूटर काढली. जाऊन बघतो तर फायली बघायचा प्रोग्रामच उघडत नव्हता. (डिस्क गच्च भरली होती. माझ्याच बॅकअपच्या स्क्रिप्टने भरली होती. ते असो.) परत येताना घाटाच्या पायथ्याशी डोक्यात प्रकाश पडला, की बाई पहिल्या वाक्यापासून बरोबर बोलत होत्या. 'फाइल्स उघडत नाही.' एकवचन! फायलींबद्दल बोलत असत्या तर 'उघडत नाहीत' म्हणाल्या असत्या. निवृत्त मराठीच्या शिक्षिका आहेत त्या. तो शेवटचा 'त' आला नाही, हे माझ्या कानाला कळलं असतं तर पाऊण तास आणि पेट्रोल वाचलं असतं.

तेव्हापासून मी डळमळीत झालोय. कामावरून नाव ठेवलं की मेनूत लगेच कळतं, पण फोनवर घोळ होतो. वेगळंच काही ठेवलं तर उलटं. तुम्ही काय कराल?

---

जुना_ऑपरेटर

१९९४ पासून डीटीपीत आहे, तेव्हा दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं समजतो.

कोरलड्रॉ घ्या. नावातलं अर्धं कंपनीचं, अर्धं कामाचं. इतक्या वर्षांत एकाही लग्नपत्रिकावाल्याला नुसतं 'ड्रॉ' म्हणताना मी ऐकलेलं नाही. 'कोरलला लाव', 'कोरलची फाइल दे', 'कोरल येतं का?' हेच चालतं. कामाचा अर्धा भाग जिभेने टाकून दिला आणि ज्याला काही अर्थ नव्हता तोच ठेवला. फोटोशॉपचं तर क्रियापद झालं. पासपोर्टच्या फोटोला आलेलं गिऱ्हाईक खुर्चीत बसायच्या आधी सांगतं, 'जरा फोटोशॉप करून घ्या.'

एक्सेल म्हणजे काय हो? शब्दात कुठे आकडा नाही, चौकट नाही, हिशेब नाही. तरी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी 'एक्सेल काढून ठेवलंय' म्हणतो. नाव आधी तोंडात बसावं लागतं, अर्थ मागून येऊन चिकटतो. कसर ठेवा. तीन अक्षरं, एक काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. कुठल्याही फॉन्टमध्ये फुटणार नाही. ज्याने जुने मराठी फॉन्ट सोसलेत त्यालाच याचं मोल कळेल.

अवांतर: डांबराच्या गोळ्यांपेक्षा कडुनिंबाचा वाळलेला पाला बरा. बाईंना सांगा.

---

काळी_खिडकी

ऑपरेटरकाका, कोरलचं पटलं, पण मग वर्डचं काय? तिथे जिभेने कंपनीचं नाव टाकलं आणि कामाचा शब्द ठेवला. आणि प्रेझेंटेशनला तर माझ्या ऑफिसात सगळे 'पीपीटी' म्हणतात, म्हणजे फाइलचं शेपूट हेच नाव झालं. जिभेला नियम नाही.

दादा, तुमच्या मशीनवरच्या 'फाइल्स'चं खरं नाव नॉटिलस. ग्नोमवाल्यांनी (म्हणजे तुमचा तो सरळ नावांचा डेस्कटॉप बनवणाऱ्यांनी) २०१२ मध्ये पाट्या बदलल्या: मार्चच्या ३.४ आवृत्तीत एपिफनी या ब्राउझरचं 'वेब' झालं, सप्टेंबरच्या ३.६ मध्ये नॉटिलसचं 'फाइल्स'. पण बदलली ती दारावरची पाटी. आतली कमांड अजून नॉटिलस, पॅकेज नॉटिलस, चुका नोंदवायची जागाही त्याच नावाची. वैताग कुठे येतो, तर उत्तर शोधताना. 'फाइल्स बंद पडतं' असं शोधून बघा, जगातल्या सगळ्या फायली अंगावर येतात. 'नॉटिलस' घालून शोधा, कामाचं काहीतरी हाती लागतं. पण ज्याला मदत हवी असते त्याच्यापासूनच ते नाव लपवलेलं असतं! मला यातलं हेच खटकतं. सोपं नाव द्या, पण खरं नाव निदान 'माहिती'च्या खिडकीत तरी ठळक लिहा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर भांडायची गरज नाही. लिनक्सच्या मेनूत प्रोग्राम दिसण्यासाठी जी डॉट डेस्कटॉप फाइल लागते, तिच्यात नाव आणि प्रकार यांना वेगळ्या ओळी आहेत. 'नेम' म्हणजे विशेषनाम, 'जेनेरिक नेम' म्हणजे सामान्यनाम. बाईंना विचारा, दोन मिनिटांत समजावून देतील. नेममध्ये कसर, जेनेरिक नेममध्ये 'ग्रंथालय देवघेव'. केडीईच्या मेनूला सांगितलं तर दोन्ही शेजारी दाखवतो. काही डेस्कटॉपवर फक्त नेम दिसतं, तिथे मात्र निवड तुम्हालाच करावी लागेल.

आणि 'कीवर्ड्स' ही ओळ विसरू नका. सगळे विसरतात. मेनूत शोधायला बसलेल्या माणसाचा कीबोर्ड बहुतेक वेळा इंग्रजीवरच असतो. नाव फक्त देवनागरीत असेल तर ते बटणं दाबत राहतात आणि काही सापडत नाही. कीवर्ड्समध्ये 'पुस्तक', 'वाचनालय', 'देवघेव', 'सभासद' हे सगळे शब्द रोमन अक्षरांतही घाला. देवघेवचं स्पेलिंग 'डब्ल्यू'नेही करणारे आहेत, तेही घाला. माझ्या एका प्रोग्रामला 'हिशेब' सापडत नाही अशी तक्रार आली होती. समोरचा 'हिशोब' टाइप करत होता.

---

पक्षकार

वकिलीच्या बाजूने थोडं.

आपल्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात कलम ९ आहे. मालाचा प्रकार, गुण किंवा उपयोगच जो शब्द सांगतो, त्याची नोंदणी नाकारता येते. अपवाद एवढाच, की सततच्या वापराने त्या शब्दाला वेगळी ओळख मिळालेली असली पाहिजे. म्हणजे उद्या कोणी 'देवघेव' नावाने तसाच प्रोग्राम विकायला काढला, तर तुमच्या हातात फारसं काही नाही. 'कसर'चं उलट. किड्याचा आणि ग्रंथालयाच्या नोंदींचा थेट संबंध नाही, म्हणून नाव म्हणून ते भक्कम.

सामान्य शब्द मोठ्यांनाही जड जातो. लिंडोज नावाची लिनक्स काढणाऱ्या कंपनीवर मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये दावा लावला. पण 'विंडोज' हा शब्द १९८५ च्या आधीपासूनच संगणकाच्या धंद्यात सर्रास वापरात होता का, हा प्रश्न ज्यूरीपुढे जायची वेळ आली. २००४ मध्ये तडजोड झाली: लिंडोजने नाव बदलून लिनस्पायर केलं, आणि दावा लावणाऱ्या मायक्रोसॉफ्टनेच त्यांना २ कोटी डॉलर मोजले. खिडकीसारखा शब्द सांभाळायचा खर्च!

पण अनोखं नाव ठेवलं की सुटलात असं नाही. फायरफॉक्सचं पहिलं नाव फीनिक्स. त्याच नावाची बायोस (संगणक चालू करणारा आतला प्रोग्राम) बनवणारी कंपनी होती. मग फायरबर्ड केलं, तर त्या नावाचा डेटाबेस प्रकल्प आधीच चालू होता, ते चिडले. २००४ च्या फेब्रुवारीत फायरफॉक्स ठरलं. पॉवरपॉइंटही आधी 'प्रेझेंटर' होतं, ते नाव दुसऱ्या कोणीतरी घेतलेलं निघालं. तेव्हा कसर ठेवणार असाल तर आधी शोध घ्या. फुकट वाटणार असाल तर निवांत ठेवा.

---

दक्षिणवारा

मी वेलिंग्टनला असते, ग्रंथालयाच्याच कामात. 'देवघेव' वाचलं आणि चमकले, म्हणून लिहिते.

ग्रंथालयांसाठी 'कोहा' नावाची मुक्त प्रणाली आहे, भारतातही पुष्कळ ठिकाणी वापरतात. (ती ब्राउझरमधून चालते, पण नावापुरतं तेवढं चालवून घ्या.) ती इथल्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांसाठी तयार झाली. जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर टिकणार नव्हती, म्हणून घाईने नवी लिहिली आणि जानेवारी २००० मध्ये चालू केली. 'कोहा' हा माओरी शब्द. पाहुणा यजमानांकडे जाताना जे घेऊन जातो ती भेट, पण तिच्यात परतफेडीची जाणीव असते. आज तुम्ही आणलंत, उद्या आम्ही आणू. मला तर तो आपल्या 'देवघेव'चा मावसभाऊच वाटतो. इथल्या माणसाला नाव अर्थासकट कळतं, बाकी जगाला ते चार रोमन अक्षरांचं अनोखं नाव. एकाच शब्दात दोन्ही कामं झाली. भारतात एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेची 'ई-ग्रंथालय' प्रणाली आहे, तिचं नाव मात्र सरकारी फाइलीसारखं सरळ.

म्हणून माझं मत 'देवघेव'. मराठी माणसाला कामाचं नाव, मराठी न येणाऱ्याला विशेषनाम. आणि बाईंचा मान राहतो, जो भाच्याच्या आयकॉनपेक्षा मोठा आहे.

---

लिंबूटिंबू

नाव काहीही ठेवा, डिस्क भरत आल्याची सूचना मोठ्या अक्षरात द्या.

---

कपाट_क्रमांक_सात

@लिंबूटिंबू, घाव वर्मी बसला. स्क्रिप्ट बदलली आहे, आता शेवटचे सात बॅकअपच ठेवते.

सगळ्यांचे आभार. दक्षिणवारा ताईंचा प्रतिसाद बाईंना वाचून दाखवला, त्यांनी 'कोहा' वहीत लिहून घेतलं. मग 'देवघेव'च ठरलं. काळी_खिडकी ताईंनी सांगितल्याप्रमाणे कीवर्ड्सही घातले, 'डब्ल्यू'सकट. भाच्याचा आयकॉन त्याच्या सायकलवर स्टिकर म्हणून गेला.

---

कपाट_क्रमांक_सात (बारा दिवसांनी)

धागा वर काढतोय, क्षमस्व.

काल संध्याकाळी सहाची वेळ, म्हणजे ग्रंथालयातली गर्दीची. प्रोग्राम अडकला. (माझी चूक, एका सभासदाच्या नावात अवतरणचिन्ह होतं.) बाईंनी मला फोन लावला आणि नेहमीच्या, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "अरे, देवघेव बंद पडली आहे!"

मला लगेच कळलं. कुठे, काय, कोणती, काही विचारावं लागलं नाही. मी मनात म्हटलं, वा, नाव जमलं.

पण टेबलासमोर रांगेत पाचजण उभे होते. त्यांनीही ऐकलं. एक आजोबा 'उद्या येतो' म्हणून पिशवी उचलून चालू लागले, त्यांच्यामागे दोन बायका. जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं, देवघेव बंद आहे. खाली चपला काढणारे चौघे परत पायात घालून गेले. बाई एका हातात फोन धरून जिन्याच्या तोंडाशी, "अहो, देवघेव चालू आहे, देवघेव बंद आहे!" असं ओरडत होत्या, आणि ते मी इकडून ऐकत होतो.

रात्री त्यांचा पुन्हा फोन आला. हाताने वहीत लिहून घेतलेल्या नोंदी प्रोग्राममध्ये कशा चढवायच्या, ते विचारलं. ठेवता ठेवता म्हणाल्या, "तुझ्या भाच्याकडे तो किड्याचा आयकॉन अजून आहे का रे?"