टायमिंग बेल्ट "दिसायला चांगलाय" म्हणून ठेवायचा?

हिशेबी_काका: माझी डस्टर डिझेल, २०१३ ची, फक्त ६८ हजार किमी झालेत. शोरूमवाला म्हणतो टायमिंग बेल्ट (पिस्टन-व्हॉल्व्हचा ताल जुळवणारा पट्टा), तो ताणून धरणारा टेन्शनर, वॉटर पंप सगळंच बदला. वरचं कव्हर ढिलं करून टॉर्च मारला, बेल्ट टकाटक, एक चीर नाही. ही चक्क लूट आहे, कोणी फसू नका.

घाटवळण: काका, दोन दिवस गप्प बसलो पण चार जणांनी तुम्हाला लाइक दिलं म्हणून लिहितोय. किमी किंवा वर्षं, जे आधी भरेल ते, असं असतं. तुमचा बेल्ट बारा वर्षांचा म्हातारा झालाय आणि हल्लीच्या बेल्टना वरून चिरा सहसा दिसत नाहीत, आतले धागे जातात. माझ्या इंडिकाचा असाच "टकाटक" होता. साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर गाडी गप्पकन बंद, ना आवाज ना दिवा. सेल मारला तर इंजिन शिलाई मशीनसारखं गरगर फिरतंय, कॉम्प्रेशनच नाही. हेड उतरवलं तर बेल्ट तुटल्यावर पिस्टन आदळून आठही व्हॉल्व्ह वाकडे. तीन हजाराचं काम टाळलं, अठ्ठावीस हजार मोजले. चूक माझीच.

चेनवाला_स्विफ्ट: म्हणून स्विफ्ट डिझेल घ्यायची. बेल्टच्या जागी चेन. विषय संपला 😎

पानाडॉक्टर: काही संपला नाही. ऑइल वेळेवर बदलू नका, मग चेन सकाळी कशी खडखडते ते ऐका. काका, बेल्ट सोडा, टेन्शनरच्या बेअरिंगला हातानी फिरवून बघितलंत का? ते जाम झालं की नवा बेल्टपण खातं. आणि त्या इंजिनात वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, उद्या पंप गळला की तीच मजुरी परत.

हिशेबी_काका: डॉक्टर, तुम्ही गॅरेजवालेच ना? मग म्हणणारच.

पानाडॉक्टर: हो, वीस वर्षं. म्हणूनच सांगतोय.

स्टेपनी_ताई: मला दोघांचंही पटत नाही. काम करायचंच आहे, पण करायचं कोणाकडून? मी गेले तर मिस्त्री माझ्याशी बोलतच नाही, शेजारी उभ्या भावाला सांगतो, त्याला सायकलची चेन बसवता येत नाही! आता मी पुण्याच्या नाना पेठेतून बेल्ट-टेन्शनरचं किट स्वतः आणते, जुना पार्ट परत मागते.

पानाडॉक्टर: ताई, पार्ट तुमचा तर गॅरंटी माझी नाही. आधीच सांगतो.

स्टेपनी_ताई: हेच ते! पार्टमध्ये मार्जिन गेलं की गॅरंटीपण गेली का?

पानाडॉक्टर: डुप्लिकेट बॉक्स ओळखता येतो का तुम्हाला? एकाने आणलेलं किट मी बसवलं, चार महिन्यांत टेन्शनर ओरडायला लागला, शिव्या मला. मार्जिन घेतो, हो घेतो, दुकानाचं भाडं कोण भरणार?

नियमावली: आणि बिल? पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला सप्टेंबर २०२५ मध्ये, तरी "बिल हवं तर वेगळा रेट" चालूच.

घाटवळण: अहो बेल्टवर बोला रे!!

स्टेपनी_ताई: बेल्टवरच बोलतेय. विश्वासाचा मिस्त्री कसा ओळखायचा ते सांगा.

घाटवळण: माझा ठोकताळा. विचारायचं, टायमिंग कसं लॉक करता? इंजिनचे दांडे जागेवर धरून ठेवणारी पिन दाखवली तर बसा. "व्हाइटनरनी खुणा करतो, दहा वर्षं करतोय" म्हणाला की किल्ली घेऊन निघा.

पानाडॉक्टर: व्हाइटनरची खूण मीपण करतो. पण पिन लावून. आणि बसवल्यावर क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) दोन फेरे हातानी फिरवून परत पिन बसते का बघतो, मगच सेल. ज्याला हे करायला वेळ नाही त्याच्याकडे जाऊ नका. ताईंचं एक मान्य, जुना पार्ट न मागता बॉक्ससकट परत द्यायला पाहिजे. उद्यापासून देतो, भंगारवाला रडेल.

स्टेपनी_ताई: वीस वर्षांनी का होईना 🙏

हिशेबी_काका: एवढं रामायण. शोरूमचा आकडा मला अजूनही जास्तच वाटतो, त्यात बदल नाही. डॉक्टर, तुमचं गॅरेज कुठल्या बाजूला? शनिवारी फक्त टेन्शनर फिरवून बघायचाय. फक्त बघायला.

पानाडॉक्टर: या. येताना गाडी घाटातून आणू नका.