हाताने जोडलेला १२ बटणांचा मॅक्रोपॅड: न दाबलेलं बटण लागतं, एक कॉलम डबल टाइप करतो

खटपट_रोज

रास्पबेरी पाय पिकोवर (छोटा कंट्रोलर बोर्ड) ४ कॉलम आणि ३ ओळी असा १२ बटणांचा मॅक्रोपॅड (ठरवलेले शॉर्टकट किंवा मजकूर पाठवणारा छोटा कीबोर्ड) तारा जोडून केला आहे. पीसीबी (छापील सर्किटची पाटी) नाही. स्विच एमएक्स जातीचे, वरची प्लेट थ्रीडी प्रिंट केलेली, ३ मिमी जाड. फर्मवेअर (बोर्डावर चालणारा प्रोग्राम) केएमके. बटणं थोडीच आहेत म्हणून डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) लावलेले नाहीत. बटणांचे नंबर डावीकडून उजवीकडे: वरची ओळ १ ते ४, मधली ५ ते ८, खालची ९ ते १२.

अडचणी अशा:

१, २ आणि ५ एकदम दाबली की ६ आपोआप लागतं. ६ वर खिडकी बंद करायचा शॉर्टकट आहे, त्यामुळे उघडलेलं काम जातं.

३, ७ आणि ११ ही तिन्ही बटणं कधी दोनदा लागतात, कधी लागतच नाहीत. बाकीची ठीक.

ई-मेलचा पत्ता टाइप करणारा मॅक्रो इंग्रजी लेआउटवर बरोबर चालतो, मराठी इनस्क्रिप्ट चालू असलं की भलतंच काहीतरी उमटतं.

कीकॅप काढताना अख्खा स्विच प्लेटमधून निघून येतो आणि मागची तार तुटते.

पुढे एक फिरवायचा नॉब आणि छोटा ओलेड डिस्प्ले लावायचा आहे. सगळं उसवून डायोड लावावेच लागतील का?

डाग_पक्का

६ आपोआप लागणं ही फर्मवेअरची चूक नाही, त्यामुळे कोड कितीही बदला, ती जाणार नाही. १, २ आणि ५ ही एका चौकोनाचे तीन कोपरे आहेत आणि ६ हा चौथा. पिको दुसरा कॉलम तपासतो तेव्हा करंट बटण २ मधून पहिल्या ओळीत जातो, तिथून बटण १ मधून उलटा पहिल्या कॉलमवर चढतो आणि बटण ५ मधून दुसऱ्या ओळीत उतरतो. दुसरी ओळ आणि दुसरा कॉलम जोडलेले दिसले म्हणजे ६ दाबलं आहे, असं पिकोला वाटणारच. कुठल्याही चौकोनाचे तीन कोपरे दाबा, चौथा लागेल. प्रत्येक बटणाला डायोड असला की बटण १ मधून उलटं जाण्याची वाट बंद होते.

लावायचे असतील तर १एन४१४८ घ्या, १२ नग. प्रत्येक स्विचचा ओळीकडचा पाय सोडवा आणि पाय व ओळीची तार यांच्यामध्ये डायोड बसवा, काळी पट्टी ओळीकडे. कोडमध्ये दिशा कॉल-टू-रो (कॉलमकडून ओळीकडे). सगळे उलटे लागले तर घाबरू नका, कोडमध्ये दिशा रो-टू-कॉल केली की झालं. काही सुलटे, काही उलटे लागले तर मात्र उलटी बटणं मुकी राहतात आणि ती पुन्हा सोडवावीच लागतात. म्हणून सोल्डर मारायच्या आधी बाराही डायोडचे पाय एकाच बाजूने वाकवून घ्या.

३-७-११ बद्दल: तिन्ही एकाच कॉलमची आहेत. तीन स्विच एकदम खराब होत नाहीत, म्हणजे तो कॉलम पिकोला जिथे जोडला आहे तिथे ड्राय सोल्डर (नीट न धरलेला जोड) असणार. मल्टिमीटर बीपवर लावा, एक टोक पिकोच्या पिनवर (सोल्डरच्या गोळ्यावर नाही, पिनवर) आणि दुसरं स्विच ३ च्या पायावर धरा, आणि तार हळूच हलवा. बीप तुटला की जागा सापडली. डिबाउन्स (बटणाची थरथर गाळायला कोड थांबतो तो वेळ) वाढवून हे झाकायला जाऊ नका. त्याने डबल अक्षरं कमी होतील, पण गाळलेली वाढतील.

तारतम्य

डायोडचं कारण वर अगदी बरोबर सांगितलं आहे, पण इथे मॅट्रिक्सच (बटणं ओळी-कॉलमच्या सामाईक तारांवर जोडायची रीत) कशाला हवा? मॅट्रिक्स पिना वाचवण्यासाठी असतो. पिकोवर वापरता येतील अशा २६ जीपीआयओ पिना (बटणं वगैरे जोडायच्या, थोडक्यात जीपी) बाहेर काढलेल्या आहेत. १२ बटणांना १२, ओलेडला २, नॉबला २ आणि नॉबच्या दाबायच्या बटणाला १, एकूण १७. तरी ९ उरतात. प्रत्येक बटणाची एक बाजू स्वतःच्या पिनला, दुसरी ग्राउंडला (शून्य व्होल्टची सामाईक बाजू). डायोड नाही, भुताचं (न दाबता लागणारं) बटणही नाही, कारण बटणांमध्ये सामाईक असं ग्राउंडशिवाय काही उरतच नाही.

शिवाय जे जोडलं आहे त्यातलं अर्धं तसंच राहतं. तीन ओळींच्या तारा एकमेकींना जोडा आणि पिकोच्या ग्राउंडला द्या. झालं ग्राउंड. कॉलमच्या चार तारा तेवढ्या काढायच्या आणि त्या जागी १२ सुट्या तारा ओढायच्या. तुमचा बिघडलेला तिसरा कॉलम यातच निघून जातो.

पिना निवडताना मात्र मनाला येईल तशा घेऊ नका. ओलेडला आयटूसी (दोन तारांवरून डेटा पाठवायची पद्धत) लागतं आणि पिकोवर ते हव्या त्या पिनवर मिळत नाही: सम नंबरच्या जीपीवर एसडीए (डेटाची तार), त्याच्या पुढच्या विषम नंबरवर एससीएल (क्लॉकची तार). म्हणून आधी त्याची जागा राखून ठेवा. एक चालणारी वाटणी: ओलेड जीपी४ (एसडीए) आणि जीपी५ (एससीएल), बटणं १ ते १२ साठी जीपी६ ते जीपी१७, नॉब जीपी१८ व जीपी१९, नॉबचं बटण जीपी२०.

जीपीचा नंबर आणि पायाचा नंबर वेगळा, इथे पुष्कळ जण फसतात. जीपी६ हा नववा पाय आहे आणि जीपी१७ बाविसावा. ग्राउंड लक्षात ठेवायला सोपं: ३ नंबरचा पाय आणि तिथून दर पाचवा, म्हणजे ३, ८, १३, १८, २३, २८, ३३, ३८. (३३ वर ॲनालॉग ग्राउंड लिहिलेलं असतं, तो सोडून द्या.) बोर्ड पालथा घालून सोल्डर मारताना डावं-उजवं उलटतं. यूएसबीचं तोंड वर धरून चित्राशी ताडून पाहिल्याशिवाय पहिली तार लावू नका. आणि बोर्ड अस्सल पिको नसून पिकोसारखा दुसरा कुठला असेल, तर पायांचा क्रम बोर्डावर छापलेल्या नावांवरून घ्या.

ग्राउंडच्या पायाला सोल्डर उशिरा धरतो, कारण तो बोर्डाच्या मोठ्या तांब्याला जोडलेला असतो आणि उष्णता तिकडे ओढली जाते. ६३/३७ ची (कथील-शिशाची) सोल्डर तार १८३ अंशाला वितळते, पण आयर्न ३३० ते ३५० वर ठेवा आणि ग्राउंडवर दोन सेकंद जास्त द्या. स्विचच्या पायावर उलट: दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवलं की आतलं प्लास्टिक मऊ होऊन पाय तिरका होतो आणि स्विच गेला.

केएमकेमध्ये कॉलम पिना, ओळ पिना आणि डायोडची दिशा या तीन ओळी काढून कीजस्कॅनर (एकेक पिन वेगळी वाचणारा भाग) वापरायचा आणि त्याला १२ पिनांची यादी क्रमाने द्यायची. पुल-अप (पिन ३.३ व्होल्टला ओढून धरणारा रेझिस्टर) तो स्वतः चालू करतो, बाहेरून रेझिस्टर नको.

डाग_पक्का

मान्य. १२ ला डायरेक्टच बरं. फक्त हे ध्यानात असू द्या की ओलेड आणि नॉब धरून पिकोवर २१ बटणांना वाव आहे. २२ वं बटण हवं झालं की पुन्हा मॅट्रिक्स आणि पुन्हा डायोड. वाढवायचा विचार पक्का असेल तर डायोड आत्ताच लावा.

खटपट_रोज

१२ च्या पुढे जायचं नाही, म्हणून डायरेक्ट. नॉब आणि ओलेड जोडताना काय सांभाळायचं? आणि इनस्क्रिप्टचं काय?

कळसूत्र

इनस्क्रिप्टचं आधी. मॅक्रोपॅड कॉम्प्युटरला अक्षर पाठवत नाही, बटणाचा नंबर पाठवतो. त्या नंबरचं अक्षर ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते, तेही त्या क्षणी जो लेआउट चालू असेल त्यावरून. एम, ए, आय, एल अशी चार बटणं पाठवलीत तर इनस्क्रिप्टवर स, ओकाराची मात्रा, ग, त येतं आणि पडद्यावर ‘सोगत’ उमटतं. पॅडचा काही दोष नाही.

फर्मवेअरमधून युनिकोड पाठवता येतं, पण त्याची रीत प्रत्येक सिस्टिमवर वेगळी आहे. लिनक्सवर आयबस (टायपिंगची यंत्रणा) असेल तर कंट्रोल-शिफ्ट-यू आणि मग हेक्स आकडे. विंडोजवर विनकंपोज नावाचा प्रोग्राम वेगळा टाकावा लागतो. मॅकवर ‘युनिकोड हेक्स इनपुट’ हाच लेआउट निवडावा लागतो, म्हणजे मराठी टाइप करताना पुन्हा बदलाबदल. लांब मजकुराला हे फार नाजूक पडतं. मध्येच एक हेक्स आकडा गळला की ‘क’ च्या जागी चौकोन.

त्यापेक्षा पॅडवरून नुसतं एफ१३ ते एफ२४ पाठवा. ही बटणं नेहमीच्या कीबोर्डवर नसतात, पण सिस्टिमला ठाऊक असतात, त्यामुळे कोणाशी भांडण होत नाही. मजकूर कॉम्प्युटरच्या बाजूला ठेवा. विंडोजवर ऑटोहॉटकी २ (बटणांना कामं जोडणारा प्रोग्राम) मध्ये एफ१३ ला सेंडटेक्स्ट (मजकूर पाठवायची आज्ञा) जोडलं की लेआउट कुठलाही असो, मजकूर जसाच्या तसा येतो, देवनागरीसुद्धा. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. ई-मेलचा पत्ता बदलला तर पॅडला हात लावावा लागत नाही, हा वरचा फायदा. लिनक्सवर एक खोच आहे: यातली काही बटणं तिथे आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेली असतात. एफ२० वर बहुतेक ठिकाणी माइक बंद होतो. आधी एक्सईव्ही किंवा डब्ल्यूईव्ही (दाबलेलं बटण दाखवणारे प्रोग्राम) चालवून कोणतं बटण काय म्हणून पोचतं ते बघा.

ओलेड: एसएसडी१३०६ चिपचा, १२८ बाय ३२ पिक्सेल, आयटूसीवरचा पत्ता बहुधा ०एक्स३सी. चार पाय असतात, पण त्यांचा क्रम सगळ्या मॉड्यूलवर सारखा नसतो. काहींवर पहिला जीएनडी, काहींवर पहिला व्हीसीसी. एकसारखं दिसणारं दुसरं मॉड्यूल जुन्याच तारांवर लावलं आणि ते उलटं निघालं की गेलं. वीज पिकोच्या ३६ नंबरच्या पायावरून घ्या, तो ३.३ व्होल्टचा. ४० नंबरवर यूएसबीचे ५ व्होल्ट असतात. मॉड्यूलवरचे पुल-अप मग एसडीए-एससीएलही ५ व्होल्टला ओढतात आणि आरपी२०४० (पिकोची चिप) च्या पिना ५ व्होल्टसाठी केलेल्या नाहीत.

नॉब: ईसी११. एका बाजूला तीन पाय, त्यातला मधला ग्राउंडला, कडेचे दोन जीपी१८ आणि १९ ला. दुसऱ्या बाजूचे दोन पाय म्हणजे त्याचं दाबायचं बटण, एक ग्राउंडला आणि एक जीपी२० ला. उलटा फिरतोय असं वाटलं तर सोल्डर काढू नका, कोडमध्ये दोन पिनांची नावं अदलाबदल करा. दोन खटके फिरवल्यावर एकदाच आवाज वाढत असेल तर कोडमधला भागाकाराचा आकडा (डिव्हायझर) ४ वरून २ करा.

उलटीपिन

दोन गोष्टी राहिल्या.

प्लेट: एमएक्स स्विचच्या खुंट्या १.५ मिमी जाडीच्या प्लेटला पकडतात. ३ मिमीच्या प्लेटमध्ये खुंटी पलीकडे पोचतच नाही, स्विच नुसता घट्टपणावर उभा असतो, म्हणून कीकॅपबरोबर उपटतो. भोक १४ × १४ मिमी, दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर १९.०५ मिमी, हे तसंच ठेवून भोकाच्या कडेची जाडी तेवढी १.५ वर आणा. पुन्हा प्रिंट करायचं नसेल तर स्विचला ज्या दोन बाजूंना खुंटी आहे, त्या बाजूंना खालून साधारण ५ मिमी रुंदीची खाच करा, वर १.५ मिमी राहील इतकी. सुपरग्लू अजिबात नको. पातळ असतो, झिरपून स्विचच्या आत जातो. हॉट ग्लू चालेल, पण सगळी बटणं तपासून झाल्यावरच.

दुसरी गोष्ट रीसेटची. पिकोवर रीसेटचं बटण नाही. केएमके चालतं ते सर्किटपायथनवर (छोट्या बोर्डांसाठीची पायथन), त्यामुळे पॅड लावला की प्रत्येक वेळी ड्राइव्ह उघडतो. तो लपवायला लोक बूट फाइलमध्ये (सुरू होताना आधी चालणारी) यूएसबी ड्राइव्ह बंद करतात आणि मग स्वतःच बाहेर अडकतात, कारण तीच फाइल बदलायला ड्राइव्ह दिसत नाही. म्हणून अट घाला: पॅड लावताना बटण १ दाबलेलं असेल तर ड्राइव्ह दिसू दे, नाहीतर लपव. त्याखेरीज ३० नंबरचा पाय (रन) आणि २८ नंबरचं ग्राउंड यांच्यामध्ये एक छोटं पुश बटण आत्ताच लावा, डबा बंद करायच्या आधी. सुरू होताना बोर्डावरचा दिवा लुकलुकतो त्या सेकंदाभरात ते दाबलं की सेफ मोड मिळतो, बूट फाइल चालत नाही आणि ड्राइव्ह परत दिसतो.

पॅड कॉम्प्युटरला अजिबातच दिसला नाही तर कोड उसवण्याआधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, वीज मात्र मिळते.

खटपट_रोज

तिन्ही ओळी एकत्र करून ग्राउंडला दिल्या, जीपी६ ते जीपी१७ अशा सुट्या तारा ओढल्या. १-२-५ दाबून पाहिलं, ६ लागत नाही. ३ आणि ७ ठीक, पण ११ अजून कधीमधी डबल लागतं.

डाग_पक्का

आता ते एकटंच उरलं, म्हणजे बहुधा तार नाही, स्विच. शेजारच्या १२ चा स्विच काढून ११ च्या जागी लावा. डबल लागणं स्विचबरोबर १२ वर गेलं तर स्विच बदला. ११ वरच राहिलं तर जीपी१६ चा सोल्डर, म्हणजे २१ नंबरचा पाय, पुन्हा तापवा. फ्लक्स (सोल्डर नीट धरायला लावतात तो पदार्थ) लावून.