आमचा पेटीवाला गेला : जॉन लॉर्डच्या आठवणी

सोमवारी, १६ जुलै २०१२ ला, डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचा ऑर्गनवाला जॉन लॉर्ड लंडनमध्ये गेला. ७१ वर्षांचा होता. कर्करोगावर उपचार चालू आहेत हे त्याने गेल्या वर्षी स्वतःच सांगितलं होतं, तरी धक्का बसलाच. बुधवारी राजेश खन्ना गेला आणि मग पेपरात, टीव्हीवर, लोकलच्या डब्यात दुसरा विषयच उरला नाही. तक्रार नाही, माझी आईसुद्धा दोन दिवस धड जेवली नाहीये. पण आमच्या घरात या आठवड्यात दोन सुतकं आहेत आणि त्यातल्या एकाला भेटायला कोणीच आलं नाही. म्हणून हा धागा. डीप पर्पल ऐकलेल्या प्रत्येकाने लिहा. चरित्र नको, ते सगळीकडे आहे. तुमच्या घरात तो कसा शिरला ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात करतो. माझे आजोबा संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. पायपेटी. पायाने भाता हाणायचा, हाताने वाजवायचं आणि डोळे नटाच्या तोंडावर. मी अकरावीत असताना मित्राकडून डीप पर्पलच्या 'मेड इन जपान'ची कॅसेट आणली होती, कॉपीची कॉपी, अर्धी खरखर. त्यात 'लेझी' सुरू होतं तेव्हा गिटार नसते, नुसता जॉन लॉर्ड असतो. आधी ऑर्गन गुरगुरतो, खाकरतो, मग हळूहळू तालावर येतो. आजोबा आतल्या खोलीत पडले होते. तिथूनच आवाज आला, "ही पेटी कोण वाजवतंय?"

मी म्हटलं, आजोबा पेटी नाही, रॉक आहे.

"असू दे रॉक. याचा भाता कुठंय? हा श्वासच घेत नाहीये."

इतकी वर्षं झाली, हॅमंड ऑर्गनबद्दल याहून नेमकं काही मी वाचलेलं नाही. हॅमंडमध्ये हवा नसतेच. आत ९१ दातेरी चकत्या मोटरवर फिरत असतात, प्रत्येकीजवळ एक चुंबक, त्यातून सूर निघतो. आजोबांना मी पुढे एका मासिकातला फोटो दाखवला तेव्हा पट्ट्यांच्या वरच्या ओढायच्या दांड्यांवर त्यांनी बोट ठेवलं. "हे आमचे स्टॉपर. पण आमचे उघडे नाहीतर बंद. याला पाव, अर्धा, पाऊण सगळं जमतं." एकेका दांडीला आठ खुणा असतात हे मला नंतर कळलं. बाकीचे ऑर्गनवाले लेस्लीच्या गरगर फिरणाऱ्या स्पीकरवर समाधानी होते. यानं मात्र हॅमंड सरळ गिटारवाल्यांच्या मार्शल अँप्लिफायरला जोडला, कारण शेजारी गिटारवर रिची ब्लॅकमोर होता आणि त्याच्यापुढे सभ्य आवाज टिकला नसता.

सगळी बाजू ऐकून आजोबांनी निकाल दिला: "हा गवयाच्या मागून चालत नाही, बरोबरीनं चालतो. आमच्या कंपनीत असता तर दुसऱ्या प्रयोगाला घरी पाठवला असता." आणि मग, "परत लाव."

गिरगावकर

८ एप्रिल १९९५, डीप पर्पलचा कार्यक्रम, अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स. मी होतो! क्लासची फी म्हणून घरून पैसे घेतले होते, बाबा गेले तरी त्यांना कळलं नाही. ब्लॅकमोर बँड सोडून गेला होता, जागी स्टीव्ह मोर्स. माझ्या पुढचा एक दाढीवाला सगळा वेळ "ब्लॅकमोर कुठाय" म्हणून ओरडत होता. मग 'परफेक्ट स्ट्रेंजर्स'चा सुरुवातीचा ऑर्गन आला. त्यात गिटारचं काही कामच नसतं पहिल्यांदा. पोटात, बरगड्यांच्या खाली, काहीतरी हलतं तसा तो आवाज. दाढीवाला गप्प झाला आणि खाली बसला. खाली म्हणजे मातीत.

एक गोष्ट मात्र मला कित्येक वर्षांनी कळली आणि चुटपुट लागली. 'चाइल्ड इन टाइम'ची ती ऑर्गनवरची सुरावट मुळात 'इट्स अ ब्यूटिफुल डे' नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडच्या एका चालीवरून आलेली. त्या चालीचं नाव 'बॉम्बे कॉलिंग'. म्हणजे आमच्याच गावाच्या नावाची चाल अमेरिकेहून इंग्लंडला गेली, तिचं गाणं झालं, आणि पंचवीस वर्षांनी अंधेरीला आली, आणि आम्ही गर्दीत एकमेकांचे पाय तुडवत उभे, कोणाला पत्ता नाही.

शेवटची लोकल चुकली. चर्नी रोडपर्यंत कसा आलो ते इथे लिहीत नाही, मुलं वाचतात.

सांगलीकर

आमचं गाव भडंगाचं. रॉकबिक काय नव्हतं. इंजिनिअरिंगला पुण्यात आलो आणि हॉस्टेलच्या बँडमध्ये घुसलो, कारण लहानपणी पेटीच्या दोन परीक्षा दिल्या होत्या आणि कीबोर्डला माणूस मिळत नव्हता.

'स्मोक ऑन द वॉटर' सगळे गिटारचं गाणं समजतात. नीट ऐका. पहिल्यांदा ती सुरावट गिटार एकटी वाजवते. मग हायहॅट, म्हणजे ड्रमसेटमधली झांजांची जोडी, टिकटिकायला लागते आणि तिच्याबरोबर ऑर्गन येतो, इतका फाटका आवाज की दुसरी गिटारच वाटावी. मग बाकीचे ड्रम, बेस सगळ्यात शेवटी. मला हे कळल्यावर मी आमच्या गिटारवाल्याला सांगितलं की यात निम्मं माझं आहे. त्याला पटलं नाही.

मग व्हिडिओ बघितला कुठंतरी. जॉन लॉर्ड तो ऑर्गन दोन्ही हातांनी धरून पुढेमागे हलवतो, बैलगाडीची धुरी हलवावी तसा. हॅमंड म्हणजे जवळजवळ दोनशे किलोचं धूड. आमचा कीबोर्ड सात किलोचा, भाड्यानं आणलेला, कैचीच्या स्टँडवर. स्पर्धेच्या दिवशी मी जोशात येऊन हलवला. स्टँड मिटला. कीबोर्ड स्टेजच्या कडेवरून परीक्षकांच्या टेबलावर, चहासकट. पट्ट्या तीन तुटल्या, डिपॉझिट गेलं. सगळ्यात मोठ्या टाळ्या आम्हाला पडल्या, नंबर कसला येतोय.

मडगावकार

आमच्या वाड्यावरच्या चर्चीत पायपेटी होती, अजून आहे. शेजारच्या घरचे अंकल रविवारी वाजवायचे आणि मी, देवळातला भटाचा पोर, बाहेर पायरीवर बसून ऐकायचो. त्यामुळे बाख हे जर्मन संगीतकाराचं नाव कळायच्या आधी बाख कानात होता. पुढे 'हायवे स्टार'मधला ऑर्गनचा तुकडा ऐकला तेव्हा हसूच आलं. हे तर पायरीवरचंच, फक्त गाडी शंभरच्या पुढे! अंकलना ऐकवलं. म्हणाले, "फार घाई करतो. पण बोटं धुतलेली आहेत." चांगल्या तालमीच्या माणसाला ते नेहमी असंच म्हणत.

बेसवाला

सगळे रडतायत म्हणून मीही आरती ओवाळायची का? माणूस थोर, पण त्याने बँड आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं ते 'कॉन्सेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा' मला आजही कंटाळवाणं वाटतं. ऑर्केस्ट्रा वाजतो तेव्हा बँड घड्याळ बघतो, बँड वाजतो तेव्हा ऑर्केस्ट्रा. ब्लॅकमोरला ते झेपलं नाही हे बरंच झालं, त्या वैतागातूनच १९७० चा 'इन रॉक' अल्बम निघाला. आणि गंमत अशी की त्या 'इन रॉक'मध्ये जॉन लॉर्ड जास्त चांगला वाजलाय. त्याला कोणीतरी अडवणारं लागायचं.

थेम्सकाठची

बेसवाले, तुमचं मत तुमच्याकडे, पण मी तुम्हाला एक संध्याकाळ सांगते.

मूळ कॉन्सेर्टो २४ सप्टेंबर १९६९ ला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला, रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा आणि माल्कम अर्नोल्ड कंडक्टर. त्यानंतर वर्षभरात त्याची लिहिलेली स्वरलिपी हरवली. झेरॉक्स नाही, काही नाही. ज्याने लिहिली त्याच्याकडेही नाही. जवळजवळ तीस वर्षं ते संगीत फक्त रेकॉर्डवर होतं, वाजवता कोणालाच येत नव्हतं. मग मार्को द खुय नावाच्या एका डच संगीतकाराने रेकॉर्ड ऐकून ऐकून, फिल्म बघून, एकेका वाद्याचे सूर कागदावर उतरवले आणि ते घेऊन जॉन लॉर्डकडे गेला. विचार करा, शंभर माणसं एकदम बोलतायत आणि प्रत्येकाचं वाक्य वेगळं लिहायचंय.

१९९९ च्या सप्टेंबरमध्ये तिथेच परत झाला, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर. मी तेव्हा प्रोजेक्टवर नुकतीच आले होते. ओळख कोणाची नाही, पोळ्या जमत नव्हत्या, रोज रडू यायचं. ऑफिसातल्या एकाने उरलेलं तिकीट दिलं. वरच्या मजल्यावरून माणसं मुंग्यांएवढी. केसांची पांढरी शेंडी बांधलेला एक माणूस ऑर्गनवर. तो वाजवत नसेल तेव्हा ऑर्केस्ट्राकडे वळून बघायचा. व्हायोलिनवाले वाजवत होते आणि हा ऐकत होता, तोंड थोडं उघडं. हरवलेलं पोर जत्रेत सापडल्यावर बाप बघतो तसं. मला कॉन्सेर्टोतली एकही ओळ आठवत नाही, खरं सांगते. ते तोंड आठवतं.

(तो जन्मला लेस्टरला. तिथल्या बेलग्रेव्ह रोडवर आता फाफडा मिळतो. मी जाते अधूनमधून.)

ग्रुप टूर

युरोप टूर, नऊ देश पंधरा दिवस, बसमध्ये अंताक्षरी. स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोला वीस मिनिटांचा थांबा. सगळे तळ्याकाठच्या गायक फ्रेडी मर्क्युरीच्या पुतळ्याबरोबर हात वर करून फोटो काढत होते. फ्रेडी आपला पाचगणीचा विद्यार्थी, त्यामुळे टूर मॅनेजरला तेवढं पाठ होतं. मी विचारलं, १९७१ च्या डिसेंबरात फ्रँक झॅपाच्या कार्यक्रमात कोणीतरी फ्लेअर गन उडवली आणि कसिनो जळला, तो कुठला? तो म्हणाला, काका, आपल्या आयटनरीत कसिनो नाही.

'स्मोक ऑन द वॉटर'मधला तो धूर ज्या पाण्यावर पसरला ते पाणी मात्र समोर होतं. बँडने मग थंडीसाठी बंद पडलेल्या ग्रँड हॉटेलात, कॉरिडॉरमध्ये गाद्या वगैरे लावून रेकॉर्डिंग केलं, रेकॉर्डिंगचा ट्रक रोलिंग स्टोन्स बँडचा. ते हॉटेल शोधायला वेळ नव्हता. बायको म्हणाली, एवढं काय बघताय पाण्यात? संध्याकाळी शाहरुख-काजोलच्या पुलावर मात्र चाळीस मिनिटं थांबलो.

गिरगावकर

@ग्रुप टूर 😂 आयटनरीत कसिनो नाही!!

एक विचारायचं राहिलं. धागाकर्ते, आजोबांचा ऑर्गन आहे का अजून?

धागाकर्ता

आहे. दिवाणखान्यात, वर टीव्ही ठेवलाय, क्षमा असावी. आजोबा २००१ ला गेले. परवा बातमी कळल्यावर टीव्ही उतरवला, झाकण उघडलं आणि 'चाइल्ड इन टाइम' बडवून बघितलं. तीन सूर आले. मग भाता फुस्स. कापड जागोजागी कुरतडलंय, उंदरांचं काम असावं. सूर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, ठीक आहेत, जर्मन आहेत. भाता बदलून देणारं कोणी माहीत असेल तर कळवा. पुणे-मुंबईत दोघांना विचारलं, दोघेही म्हणाले त्यापेक्षा नवा कीबोर्ड घ्या.

सांगलीकर

मिरजेत एक काका आहेत, पायपेटीचे भाते अजून करतात. फोनवर बोलत नाहीत, समोर घेऊन जावं लागतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. टेम्पो ठरवताना कैचीचा स्टँड नको एवढं बघा.