म्हातारी, अपंग, मागे राहिलेली कुत्री : घर मिळवून देताना नेमकं काय करावं लागतं

शेल्टरमधली पिल्लं पटकन जातात. नऊ वर्षांची लॅब्रॅडॉर, तीन पायांची इंडी (म्हणजे देशी), काळाकुट्ट गावठी, मागचे पाय ओढत चालणारा कुत्रा ही मंडळी मात्र वर्षानुवर्षं त्याच पिंजऱ्यात राहतात. रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घ्यायचा तर पालिकेकडे अर्ज करता येईल, पण तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात म्हटलं आहे. म्हणजे घर निवडताना झालेली चूक आता आणखी महागात पडते. जे रोज हे काम करतात त्यांनी लिहावं. कळवळा सगळ्यांनाच आहे, म्हणून इथे मापं, वेळा, वस्तू आणि नेहमी होणाऱ्या चुका हव्या आहेत. आलेली उत्तरं खाली.

शेल्टरमध्ये दत्तक देण्याचं काम, पुणे

पहिली चूक जाहिरातीतच होते. जखमेचा, रडवेल्या डोळ्यांचा फोटो टाकला की उपचारासाठी पैसे येतात, घर येत नाही. त्या फोटोकडे बघून लोकांच्या मनात एकच विचार येतो, हे आपल्याला झेपणार नाही. मदतीचं आवाहन आणि दत्तकाची जाहिरात वेगवेगळी करा, दोन्हींतले फोटोही वेगळे ठेवा.

मजकुरात पुढच्या गोष्टी असल्याच पाहिजेत : वजन किलोमध्ये, उंची (गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत असं लिहिलेलं लोकांना लगेच कळतं), अंदाजे वय, नसबंदी आणि लसी झाल्या का, चालू औषधांची नावं, महिन्याचा खरा खर्च, किती तास एकटा राहू शकतो, मांजर आणि लहान मुलं चालतात का. आणि एक ओळ हटकून, ‘त्याला काय जमत नाही’. ‘जिने चढत नाही, फटाक्यांना फार घाबरतो, जेवताना दुसरा कुत्रा जवळ चालत नाही.’ या ओळीमुळे फोन कमी येतात हे खरं. पण जे येतात ते विचार करून आलेले असतात. आजार झाकून दिलेला कुत्रा बहुधा परत येतो, आणि परत आलेल्याला घर मिळणं आणखी अवघड होतं.

काळ्या कुत्र्यांचं घोडं तर निव्वळ फोटोत अडतं. भर दुपारच्या उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली काढला तर चेहऱ्याच्या जागी काळा डाग दिसतो. सकाळी सात ते नऊ, सावलीत, मागे फिकट भिंत किंवा हिरवळ. स्वतः खाली बसा, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर. फोनवर डोळ्यावर बोट टेकवून फोकस घ्या आणि उजेड थोडा वाढवा. गळ्यात पिवळा किंवा केशरी रुमाल. पिंजऱ्याच्या सळ्या फोटोत नकोत.

अपंग कुत्र्याचा तीस सेकंदांचा व्हिडिओ सगळ्यात जास्त काम करतो : उठतो कसा, चालतो कसा, दारातून आत येतो कसा, त्याला उचलतात कसं. दुखलेला भाग लपवू नका.

प्राण्यांचे डॉक्टर

वयाबद्दल आधी. रस्त्यावर वाढलेला कुत्रा हाडं, दगड चघळतो, दात लवकर झिजतात, आणि पाच वर्षांचा कुत्रा कागदावर नऊ वर्षांचा होतो. दातांसोबत तोंडावरचे पांढरे केस, स्नायू, डोळे सगळं बघून ‘6 ते 8’ असा पल्ला लिहावा. सात-आठ वर्षांनंतर डोळ्यात निळसर झाक येते ती वयाची, त्यात बऱ्यापैकी दिसत असतं. दुधासारखा पांढरा पडदा असेल तर तो मोतीबिंदू. दोन्हींत गल्लत करून चांगल्या डोळ्यांच्या कुत्र्याला आंधळा ठरवलेलं अनेकदा दिसतं.

म्हातारा कुत्रा देण्याआधी एवढ्या तपासण्या शेल्टरनेच कराव्यात : रक्ताची पूर्ण तपासणी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि युरिया, यकृत, साखर, लघवी, आणि गोचीड-तापाची तपासणी. आपल्याकडे अर्लिशिया आणि बॅबेसिया इतके सर्रास आहेत की ‘म्हातारपणामुळे मलूल आहे’ असं म्हणून सोडलेल्या कुत्र्यात प्लेटलेट पडलेल्या सापडतात. अर्लिशियासाठी डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण 28 दिवसांचा असतो. चार दिवसांत कुत्रा तरतरीत झाला म्हणून नव्या घरी गोळ्या बंद करतात आणि आजार उलटतो. गोळी कोरडी देऊ नये, घशात अडकून जळजळ होते. जेवणाबरोबर द्यावी.

दातांची सफाई, किडके दात काढणं हे जाहिरातीच्या आधी. तोंडाच्या दुर्गंधीमुळे नाकारले गेलेले कुत्रे कमी नाहीत.

घरच्यांना पाणी मोजायला शिकवा. दिवसाला किलोमागे 100 मिलीपेक्षा जास्त, म्हणजे 20 किलोचा कुत्रा दोन लिटरच्या वर पाणी पीत असेल तर मूत्रपिंड, साखर, हार्मोन तपासायलाच हवेत. सांधेदुखीसाठी मेलॉक्सिकॅमसारखी औषधं मूत्रपिंड तपासल्याशिवाय सुरू करू नयेत. आणि घरातल्या डब्यातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन कधीही नाही. खाण्यात कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट वर्ज्य. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे विसरले जातात, तेही त्यातच आले.

मागचे पाय गेलेल्या कुत्र्यांची देखभाल, ठाणे

गाडीच्या धडकेत मणका दुखावलेले कुत्रे शेल्टरमध्ये सगळ्यात जास्त मागे राहतात. लोक विचारतात चालण्याबद्दल, पण घर टिकतं की नाही ते लघवीवर ठरतं.

बहुतेकांचं मूत्राशय हाताने दाबून रिकामं करावं लागतं. दर सहा ते आठ तासांनी, दिवसातून तीन-चारदा, शेवटची वेळ झोपण्यापूर्वी. कुत्र्याला उभं धरून किंवा कुशीवर निजवून दोन्ही तळहात पोटाच्या दोन बाजूंना, मागच्या मांड्यांच्या जरा पुढे ठेवायचे. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं हाताला लागतं. बोटांनी टोचायचं नाही, तळहाताने सावकाश दाब वाढवायचा आणि धार संपेपर्यंत तसाच ठेवायचा. काही कुत्र्यांत खालचा स्नायू इतका आवळलेला असतो की धार सुटतच नाही. तिथे जोर लावला तर मूत्राशय फुटू शकतं. अशांना स्नायू सैल करणारं औषध लागतं, ते डॉक्टरच ठरवतील.

नेहमीचा गैरसमज : ‘डायपर ओला असतो, म्हणजे आपोआप होतंय.’ भरलेल्या मूत्राशयातून वरचं वर थेंब थेंब सांडत असतं, खाली साचलेलं तसंच राहतं आणि जंतुसंसर्ग होतो. लघवीला उग्र वास, गढूळपणा, रक्त, अचानक सुस्ती यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी लघवीची तपासणी, शक्यतो कल्चरसह (कोणते जंतू आहेत आणि कुठलं औषध लागू पडेल ते त्यात कळतं). अंदाजाने अँटिबायोटिक बदलत राहिलं की पुढे कुठलंच लागू पडत नाही.

लहान मुलांचे डायपर शेपटीसाठी भोक पाडून चालतात. दर चार तासांनी बदला, कातडी कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करा, आणि दिवसाचे काही तास डायपरशिवाय ठेवा. पावसाळ्यात ओली जखम तासाभराचंही दुर्लक्ष सहन करत नाही. माशी बसली की अळ्या पडतात.

खरखरीत सिमेंटवर ओढत चालल्याने गुडघे, घोटे सोलतात. घरात गुळगुळीत फरशी त्यांना सोपी जाते, बाहेर जाताना मागच्या धडाला जाड कापडी पिशवी किंवा मोजे. संवेदना गेलेली बोटं काही कुत्रे स्वतःच कुरतडतात, म्हणून रोज रात्री पंजे उलटून बघायचे.

गाडीची, म्हणजे व्हीलचेअरची मापं : निरोगी कुत्रा उभा राहील तसं त्याला पातळीत धरा आणि मग मोजा. जमिनीपासून पाठीपर्यंत उंची, पुढच्या पायाच्या काखेपासून पार्श्वभागापर्यंत लांबी, कंबरेची रुंदी अधिक दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर. पाठ आडवी सरळ राहिली पाहिजे. चाकं फार मागे गेली तर सगळा भार खांद्यांवर येतो, फार पुढे आली तर पुढचे पाय उचलले जातात. पीव्हीसी पाइपची गाडीही चालते, फक्त मांड्यांचा आधार मऊ हवा, नाहीतर जांघेत चट्टे पडतात. सुरुवात दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. त्यात बसता-झोपता येत नाही, त्यामुळे कुत्र्याला गाडीत बांधून ठेवून आपण घराबाहेर जायचं नाही.

ताबा देण्याआधी घेणाऱ्याने आमच्यासमोर निदान तीन वेगवेगळ्या दिवशी स्वतःच्या हाताने लघवी काढून दाखवावी, आणि घरातल्या दुसऱ्या माणसानेही. एकालाच येत असेल तर त्याला ताप आला की कुत्र्याचे हाल होतात.

तीन पायांच्या कुत्र्यांबद्दल थोडं

कुत्र्याचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या पायांवर असतं, म्हणून पुढचा पाय गेलेल्याला जास्त सांभाळावं लागतं. वजन आटोक्यात हवं : बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. खरा शत्रू व्हिट्रिफाइड टाइल्स. सतरंजी टाकू नका, ती कुत्र्यासकट घसरते. मागे रबर असलेली पायपुसणी किंवा योगा मॅट त्याच्या नेहमीच्या वाटेवर सलग अंथरा. नखं आणि पंज्यांमधले केस कापलेले ठेवा. सोफ्यावरून उडी मारू देऊ नका.

पुन्हा डॉक्टर, डिस्टेंपरबद्दल

डिस्टेंपर या विषाणूच्या आजारातून वाचलेल्या कुत्र्याचा पाय किंवा डोकं ठेक्यात उडत राहतं, झोपेतसुद्धा. बघणाऱ्याला वाटतं त्रास होतोय, किंवा फिट आली. ही उरलेली स्नायूंची उडी असते, बहुतेक कुत्रे तिच्यासकट खातात, खेळतात. खरी फिट वेगळी : शुद्ध हरपते, लाळ येते, लघवी होते. ती पुढे कधी येऊ शकते हे लेखी सांगा, आणि आल्यास वेळ मोजून व्हिडिओ काढायला सांगा. पाच मिनिटांच्या वर गेली तर लगेच दवाखाना. बरा झाल्यावरही काही आठवडे, क्वचित दोन-तीन महिने विषाणू बाहेर पडू शकतो. घरात लस न झालेलं पिल्लू असेल तर थांबा.

आंधळे आणि बहिरे

आंधळ्या कुत्र्याचा घराचा नकाशा पाण्याच्या भांड्यापासून सुरू होतो. ते भांडं कधी हलवू नका. कुत्र्याला उचलून भलतीकडे ठेवलं की तो हरवतो, ठेवायचंच तर भांड्यापाशी ठेवा. जिन्याला फाटक, जिन्याआधी हातभर पायपुसणं, म्हणजे पंजाला इशारा मिळतो. ‘पायरी’ आणि ‘थांब’ हे दोन शब्द घरातले सगळे एकसारखेच वापरतील असं बघा.

बहिऱ्याला मागून हात लावू नका. उठवताना त्याच्याजवळ जमिनीवर पाय आपटा, थरथर कळते. खुणा मोठ्या आणि ठरलेल्या. रस्त्यावर पट्टा कधीच सोडायचा नाही.

फोस्टर आणि ताबा देणं, मुंबई

फॉर्म, फोन, घर बघणं (व्हिडिओ कॉल चालतो, पण जिना आणि गॅलरीची जाळी दाखवायला सांगा), दोन भेटी, मग दोन ते चार आठवडे फोस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरता सांभाळायला, आणि त्यानंतरच दत्तकपत्र. लिफ्ट नसलेला तिसरा मजला आणि 25 किलोची म्हातारी कुत्री हा मेळ बसत नाही, घर कितीही प्रेमळ असलं तरी. पहिल्या मजल्यापर्यंत जमतं : जुन्या सुती साडीची चौपदरी घडी पोटाखालून घेऊन मागचा भार उचलायचा.

सोसायटी ‘कुत्रे चालत नाहीत’ म्हणाली तर घाबरायचं कारण नाही. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यावर बंदी घालता येत नाही. भाड्याचं घर वेगळं. तिथे मालकाची संमती करारात लिहून घ्या, तोंडी ‘हो’वर कुत्रा पाठवू नका. पालिकेचा परवाना आणि रेबीजची लस पहिल्याच महिन्यात. मुंबई-कोकणात लेप्टोची लसही पावसाळ्याआधी.

सोबत द्यायचं : सात दिवसांचं नेहमीचं खाणं, पंधरा दिवसांची औषधं वेळापत्रकासह, आणि त्याची न धुतलेली चादर. ती धुवून द्यायचा मोह होतो, पण त्या वासावरच त्याची पहिली रात्र निभते. पहिले दोन आठवडे दोन पट्टे, एक हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) आणि एक कॉलरला. बुजलेला कुत्रा साध्या कॉलरमधून मागे सरकत डोकं काढतो. आणि दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे कुणालाही नव्या घरी पाठवू नये. फटाक्यात पळालेल्या कुत्र्याला अजून आपलं घर कुठलं ते माहीत नसतं.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी

‘इकडे पाठवा, आम्ही घेतो’ असे फोन येतात. कॅनडाने 28 सप्टेंबर 2022 पासून भारतासह रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून व्यावसायिक गटातले कुत्रे आणणं बंद केलंय, आणि दत्तकासाठी पाठवलेले कुत्रे त्याच गटात मोजतात. अमेरिकेत 1 ऑगस्ट 2024 पासून भारतात लस घेतलेल्या कुत्र्याला मायक्रोचिप लसीच्या आधी हवी, वय किमान सहा महिने हवं, आणि प्रतिपिंडांच्या तपासणीचं रक्त पहिल्या लसीनंतर 30 दिवसांनी व प्रवेशाच्या किमान 28 दिवस आधी काढलेलं हवं. म्हाताऱ्या आणि अर्धांग झालेल्या कुत्र्यासाठी मालाच्या कप्प्यातला तो प्रवास योग्य नाही. त्यांनी इथल्या एका कुत्र्याचा औषधखर्च दरमहा उचलला, तर इथेच घर मिळायला जास्त मदत होते.

पाठपुरावा, नाशिक

फोन दुसऱ्या, सातव्या, तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी. ‘कसा आहे?’ विचारलं तर ‘मस्त’ एवढंच उत्तर मिळतं. विचारायचं असं : काल किती जेवला, रात्री कुठे झोपला, लघवी कुणी काढली, औषध किती उरलंय. म्हातारे कुत्रे पहिले तीन-चार दिवस जेवत नाहीत आणि रात्री फिरतात, हे आधी सांगून ठेवा. रात्रभर एक छोटा दिवा लावल्याने पुष्कळ फरक पडतो. सलग 24 तास पाणीही घेतलं नाही तर मात्र डॉक्टर.

परत आणलाच तर दोष देत बसू नका, नाहीतर पुढच्या वेळी लोक गुपचूप रस्त्यावर सोडतील. कारण त्याच दिवशी नोंदवा, शब्दशः : ‘रात्री दोनला भुंकतो’, ‘सासूबाईंना उचलणं जमेना’. आणि तीच ओळ त्याच्या पुढच्या जाहिरातीत ‘काय जमत नाही’च्या खाली लिहा.