इथे कोणी बसलंय का? अभ्यासिकेतल्या टेबलांचे अनुभव

मंडळी, हा धागा काढायला कारण मागचा रविवार. सकाळी सव्वासातला अभ्यासिकेत पोचले तेव्हा 24 खुर्च्यांत माणसं होती 9. उरलेल्या खुर्च्यांवर वह्या, पाण्याच्या बाटल्या, एका ठिकाणी तर नुसती रुमालाची घडी. दारात एक मुलगा पाठीवर सॅक घेऊन उभा होता. दोन खुर्च्यांपाशी गेला, "इथे कोणी बसलंय का?" विचारलं, शेजारच्यांनी न बघता मान हलवली. पाच-दहा मिनिटं थांबला आणि गेला. साडेदहा वाजले तरी त्यातल्या 6 खुर्च्यांवर कोणी आलं नव्हतं. "माझ्या टेबलावर ये, सरकते मी" एवढं म्हणायला हवं होतं. ते सुचेपर्यंत तो जिना उतरून गेला होता. आठवडाभर हेच डोक्यात आहे.

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची सवय आपल्याला जुनी आहे. पण लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याला सरकून जागा देणारेही आपणच. अभ्यासिकेत आल्यावर ते सरकणं का थांबतं, मला कळत नाही. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. त्यात पाच-सहा माणसं, टीव्ही, कुकर, लहान भावंडं. अशा घरातून आलेल्या मुलाची खुर्ची कोणाच्या बाटलीने अडवली, तर त्याचा तो दिवस गेला. घरी परत जाऊन तो अभ्यास होत नाही.

तुम्ही टेबल कसं वाटून घेता, कोणाशी वाजलं, कोणी जागा दिली, सगळं लिहा. अभ्यासिकेचं नाव नको, कोणाची बदनामी करायची नाहीये.

नायगाव, सीए करतेय

माझ्या समोर यूपीएससीचा एक दादा बसायचा. आमचे कॅल्क्युलेटर बारा आकडी, कॉस्टिंगचं गणित रंगात आलं की बोटं जोरात पडतात आणि आपल्याला त्याचा आवाज येतच नाही. तिसऱ्या दिवशी त्याने चिठ्ठी सरकवली: "खाली नॅपकिन ठेवशील का? राग नाही." घडी घालून ठेवला, टकटक बरीच कमी झाली. मग मीही धीर करून सांगितलं की तुमचा पाय हलतो आणि माझ्याकडे अक्षर वाकडं येतं. त्याला खरंच माहीत नव्हतं! त्यानंतर आमच्या टेबलावर चिठ्ठीचीच पद्धत पडली. तोंडाने सांगितलं की चार माना वर होतात आणि ज्याला सांगतो त्याला ओशाळं वाटतं. चिठ्ठी दोघांतच राहते.

परीक्षेच्या आधी मी 3 तासांचे, 100 मार्कांचे पेपर घड्याळ लावून सोडवायचे. बसण्याआधी टेबलावर सांगून ठेवायचे, "दोनपर्यंत पेपर आहे." तेवढा वेळ कोणी खोडरबरसुद्धा मागत नसे. एकदा त्या दादाने माझ्यासाठी कोपऱ्यातली जागा सोडली. तिथे पंखा लागत नाही, पण पानं उडत नाहीत.

कुर्ला, डिप्लोमा पहिलं वर्ष

ड्रॉइंगचं बोर्ड घेऊन अभ्यासिकेत जाऊ नका. मी गेलो होतो. ए1 शीट 594 बाय 841 मिलीमीटरची, म्हणजे समोरच्याची वही मांडीवर गेली. तो काही बोलला नाही, म्हणून जास्त वाईट वाटलं. आता शीट कॉलेजातच संपवतो, अभ्यासिकेत फक्त थिअरी.

लालबाग, अभ्यासिका सांभाळतो

11 वर्षं हे काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवातीला मी कडक होतो. अर्ध्या तासाच्या वर खुर्ची रिकामी दिसली की सामान उचलून माझ्या टेबलापाशी ठेवायचो. एकदा अशीच एका मुलीची पुस्तकं उचलली. ती रोज संध्याकाळी साडेपाचला उठून जायची आणि सातला यायची. मला वाटायचं, मैत्रिणींबरोबर फिरायला जात असेल. त्या दिवशी आली, सामान बघितलं, काही न बोलता भरायला लागली. विचारलं तेव्हा कळलं, चाळीत पाणी त्याच वेळेला येतं. आई कामावर, भाऊ लहान. पिंप आणि हंडे भरून ती परत येत होती. मी तिची माफी मागितली. तिने "असू दे काका" म्हटलं, पण मला ते असू देता आलं नाही.

मग चिठ्ठ्या सुरू केल्या. दाराशी पाठकोऱ्या कागदांचे तुकडे आणि दोरीला बांधलेलं पेन. उठताना गेल्याची आणि परत येण्याची वेळ लिहायची, चिठ्ठी टेबलावर ठेवायची, आपलं सामान एका कडेला गोळा करायचं. तेवढ्या वेळेत दुसऱ्याने बसावं. मूळ माणूस आला की न बोलता उठायचं. वेळ उलटून पाव तास झाला तर खुर्ची बसलेल्याची. चिठ्ठीच नसेल तर सामान आजही माझ्याकडे येतं.

पहिले दोन आठवडे कोणी दुसऱ्याच्या खुर्चीवर बसायला तयार नव्हतं. परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं म्हणाले. मग मीच उभ्या मुलांना हाताला धरून बसवायला लागलो. खुर्च्यांना नंबर देऊन पाहिले, ते मात्र मोडीत काढावे लागले. नंबर मिळाला की माणूस त्या खुर्चीला स्वतःची समजतो आणि येत नाही त्या दिवशीही ती अडवून ठेवतो.

ती मुलगी आता नोकरीला आहे. पाण्याची वेळ अजून साडेपाचचीच आहे, आता तिचा भाऊ उठून जातो.

धागाकर्ती

काका, पाण्याचं माझ्या मनातही आलं नव्हतं. त्या 6 खुर्च्यांतली एखादी अशी असू शकेल. पण तिथे चिठ्ठी असती तर तो मुलगा निदान दोन तास बसला असता.

डोंबिवलीहून दादरला येते, एमपीएससी

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. आम्ही तिघी एकमेकींसाठी जागा धरतो आणि त्यावरून बोलणी खातो. कारण सांगते. मी एकटी बसले होते तेव्हा समोरच्या खुर्चीवर रोज एकच माणूस येऊन बसायचा. पुस्तक उघडं, पान उलटत नाही. मी टेबल बदललं की तोही बदलायचा. अभ्यासिका सांभाळणाऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, कोणी कुठेही बसू शकतं. नियमाने बरोबर आहे. म्हणून समोरची खुर्ची आम्ही मोकळी सोडत नाही. अभ्यासाला आलेली कोणीही मुलगी विचारेल तर लगेच उठवतो बॅग. मुलग्यांना एक विनंती. हॉल अर्धा रिकामा असेल तर एकट्या मुलीच्या अगदी शेजारी बसू नका, तिरक्या खुर्चीवर बसा. जागा नसेल तर खुशाल बसा, "बसू का?" एवढं विचारा. विचारणाऱ्याला मी आजवर नाही म्हटलेलं नाही.

गिरगाव, निवृत्त

वर्तमानपत्रांचं टेबल खरं तर आम्हा म्हाताऱ्यांचं. मार्च लागला की त्यावर दहावी-बारावीची मुलं येतात आणि आमच्यातले काही जण चिडतात. मी 32 वर्षं विरार लोकलमध्ये उभ्याने पेपर वाचला, चार घड्या घालून, पुढच्याच्या पाठीला न लागता. तीच घडी आता टेबलावर घालतो. पसरून वाचलं तर दोन मुलांची जागा जाते, घडी घातली तर एकाचीही जात नाही. पुरवणी वेगळी काढून शेजारी द्यावी. फोर्टात नोकरीला होतो तेव्हा जेवणाच्या सुट्टीत काळा घोड्याच्या डेव्हिड ससून वाचनालयात जायचो. इमारत 1870 ची, मागे बाग, आणि लांब हातांच्या आरामखुर्च्या. तिथे मांडीवर पुस्तक घ्यायची सवय लागली, म्हणून टेबल सोडणं मला जड जात नाही. मुलांना सोडावं. त्यांना लिहायचं असतं.

घाटकोपर

प्लगबद्दल कोणीच लिहिलं नाही! आमच्या टेबलाला एक पॉइंट आणि लॅपटॉप चार. मी तीन प्लगचा एक्स्टेन्शन बोर्ड नेतो. ज्याची बॅटरी सर्वांत कमी त्याचा पहिला नंबर, 80 टक्के झाली की काढायची. वायर चालायच्या वाटेवर येऊ देऊ नका, एका काकू अडखळल्या होत्या.

वरळी, आता बँकेत आहे

आमच्याकडे टेबलच नव्हतं. सेंच्युरी बाजारजवळच्या सुदाम काळू अहिरे मार्गाला सगळे अभ्यास गल्लीच म्हणतात. रहदारी कमी, झाडं, आणि रस्त्यावरचे दिवे. चाळीतली पोरं संध्याकाळी तिथे पुस्तकं घेऊन जायची. मी दहावीपासून पदवीपर्यंत तिथेच बसलो. वाटून घ्यायचा तो उजेड. खांबाच्या बुंध्याशी चांगलं दिसतं, दोन हात लांब गेलं की आपलीच सावली वहीवर पडते. लवकर येईल तो खांबाशी, हा रोजचा नियम. पण उद्या ज्याचा पेपर असेल त्याला खांब. येताना तो हॉल तिकीट वहीत वरच्या बाजूला, दिसेल असं खोचून आणायचा. खांबाशी बसलेला ते बघायचा, चप्पल पायात सरकवायचा आणि उठायचा.

माझ्या गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री जो उठला त्याचाही पेपर दुसऱ्या दिवशी होता. दुपारचा. माझा सकाळचा होता.