माग्रीतच्या आईचा झगा आपल्याला काय करायचाय?

आडवी रेघ

अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नासारखं तर्कापलीकडचं रंगवणाऱ्या, चित्रकारावरचा लेख वाचायला घ्यावा, तर पहिल्या दोन परिच्छेदांत आई, बायको, वेड आणि मिशी यांची हजेरी लागलेली असते. चित्र येतं शेवटी, तेही पुरावा म्हणून.

रने माग्रीतचंच बघा. १९१२ साली तो १३ वर्षांचा असताना त्याच्या आईने बेल्जियममधल्या सांब्र नदीत जीव दिला. प्रेत काढलं तेव्हा झगा वर सरकून तोंड झाकलं होतं आणि ते पोराने पाहिलं, असं सांगतात. १९२८ मध्ये त्याने 'प्रेमिक' रंगवलं: बाई आणि पुरुष चुंबन घेताहेत, दोघांची डोकी पांढऱ्या कापडात गुंडाळलेली. झालं, लागला उलगडा! मुलगा तिथे हजर होता यावरच पुढे अभ्यासकांनी शंका घेतली, आणि खुद्द माग्रीतला आपल्या चित्रांची मानसशास्त्रीय चिरफाड आवडत नसे, हे मात्र कुणी सांगत नाही.

बरं, गोष्ट खरी धरू. ओठाला ओठ आणि मधे दोन पदर कापड. मानेपाशी पडलेल्या चुण्या. हे बघताना जो घुसमटल्यासारखा त्रास होतो, तो झग्यामुळे जास्त कळतो का? माझ्या मते उलट होतं. उत्तर सापडलं म्हणून आपण निवांतपणे पुढच्या चित्राकडे सरकतो.

चित्रकारांची आयुष्यं वाचूच नयेत असं माझं म्हणणं नाही. पण चित्राच्या आधी नकोत.

शाईपेन

साफ असहमत. हा नियम निसर्गचित्रांना लावा हो, पण अतिवास्तववादाला?

या चळवळीचा म्होरक्या, कवी आंद्रे ब्रेताँ, डॉक्टरकी शिकत होता. पहिल्या महायुद्धात त्याने साँ-दिझिएच्या केंद्रात, लढाईने डोकं फिरलेल्या सैनिकांमध्ये काम केलं. ती बडबड ऐकलेला माणूस १९२४ मध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा लिहितो की बुद्धीचा लगाम सोडा, मन बोलेल ते उतरवा. चित्रकार माक्स एर्न्स्ट त्याच युद्धात जर्मन तोफखान्यात होता, कवी पॉल एल्युआर समोरच्या फ्रेंच बाजूला. पुढे दोघे जिवलग मित्र झाले. एर्न्स्टच्या चित्रांतली ती उजाड, खरवडलेली रानं काय हवेतून आली?

ही मंडळीच म्हणतात की आमचं मन बघा, आणि तुम्ही म्हणता मन सोडून बघा. स्वप्नाचा अर्थ लावायचा, पण ते पडलं कुणाला हे विचारायचं नाही!

खडूस मास्तर

दोघेही माग्रीतला धरून बसलात. तो बापडा ब्रसेल्सच्या साध्या भाड्याच्या घरात, जेवणाच्या खोलीत चित्रं काढायचा. चरित्राचा खरा घोळ स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीचा आहे.

वितळणारी घड्याळं सगळ्यांना ठाऊक. मूळ चित्र, १९३१ चं, जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटर! पोस्टर बघून वाटतं भिंतभर असेल. घड्याळं सुचली कशी, तर पाघळलेलं कॅमेम्बेर चीज बघून, असं दालीच सांगतो. आता या माणसावर किती विश्वास ठेवायचा? १९३४ मध्ये ब्रेताँच्या घरी अतिवास्तववाद्यांनी त्याच्यावर 'खटला' चालवला, आरोप हिटलरच्या उदात्तीकरणाचा. साहेब तोंडात थर्मामीटर धरून आले आणि अंगावरचे स्वेटर एकेक उतरवत बसले. पुढे ब्रेताँने त्याच्या नावाची अक्षरं फिरवून 'अविदा डॉलर्स' केलं, म्हणजे पैशाचा हावरा.

आणि हे निव्वळ चाळे नव्हते. १९७५ मध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीने पाच जणांना गोळ्या घातल्या, तेव्हा दालीने फ्रँकोचं जाहीर कौतुक केलं. हे 'चित्राच्या आधी नको', तर केव्हा? माणूस नालायक होता म्हणून घड्याळं वाईट ठरत नाहीत, पण मला कळलंच पाहिजे.

रविवारचा माणूस

अवांतर: १९६७ मध्ये दालीने आपल्या एअर इंडियासाठी अ‍ॅशट्रे बनवून दिला होता. हंस उलटा धरला की हत्ती दिसतो. मोबदला म्हणून हत्तीचं पिल्लू मागितलं, आणि मिळालंही, बंगळूरहून विमानाने. चालू द्या.

जुई

मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोचं नाव अजून कसं निघालं नाही? १९२५ चा बसचा अपघात, ओटीपोटातून गेलेला लोखंडी दांडा, चित्रकार दिएगो रिव्हेराशी लग्न, घटस्फोट, पुन्हा लग्न. बाई चित्रकार असली की आधी तिचं दुखणं आणि नवरा. रंग कसा लावते, मेक्सिकोच्या देवळांतल्या पत्र्यावरच्या नवसाच्या चित्रांतून काय घेते, हे कुणी विचारत नाही. ब्रेताँने तिला अतिवास्तववादी ठरवून टाकलं. ती म्हणाली, मी स्वप्नं कधी रंगवलीच नाहीत, माझं वास्तव रंगवलं. धागाकर्त्यांना माझं +१.

शाईपेन

जुईताई, 'माझं वास्तव' म्हणजे तिचं आयुष्यच की! हे वाक्य माझ्या बाजूचं आहे. शिवाय लेबल नको म्हणणाऱ्या बाईने १९४० मध्ये मेक्सिकोतल्या अतिवास्तववादी प्रदर्शनात 'दोन फ्रिडा' लावलंच होतं.

जुई

लावलं, कारण चित्र लावायला भिंत लागते. पोट होतं तिलाही.

आडवी रेघ

मास्तर, फ्रँकोचा मुद्दा मान्य. तो दालीचा हिशेब आहे, घड्याळांचा नव्हे, आणि तो मांडायलाच हवा. पण शाईपेन, एर्न्स्टची रानं युद्धातून आली असतील, तरी त्याच युद्धातून हजारो जण परतले आणि त्यांनी ती काढली नाहीत. कच्चा माल सांगून स्वयंपाक कळत नाही.

काल हे लिहिताना 'प्रेमिक' स्क्रीनवर उघडं होतं. भाची आली, वय वर्षं सात. तिला ना नदी ठाऊक ना आई. बघून म्हणाली, "मामा, हे श्वास कसा घेतात?" एवढंच म्हणायचं होतं मला.

शाईपेन

भाचीचा प्रश्न एकदम बरोबर. नदीतून आईला बाहेर काढल्याचं कळलं, तेव्हा त्या १३ वर्षांच्या पोरालाही पहिला तोच पडला असेल.